शून्यांनी भरलेला डेटा आणि निगेटिव्ह बायनॉमियल

कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, चौकटी आखून दगडांखालचे विंचू मोजले होते. प्रश्न सरळ: गुरं चरतात त्या आणि चरत नाहीत त्या सड्यांमध्ये फरक आहे का? आकडे मात्र वाकडे. बहुतेक चौकटींत शून्य, मधेच एखादीत दहा-बारा.

प्रत्येक आकड्याचा लॉग(एक्स+1) घेऊन अनोव्हा (गटांच्या सरासरींची तुलना) कर, असा सल्ला मिळाला. तो बाजूला ठेवला. लॉग घेऊनही सगळी शून्यं एकाच जागी गठ्ठ्याने बसून राहतात. मोजणीच्या डेटाला हे टाळावं, असं ओ'हारा आणि कोट्झे यांनी 2010 मध्येच सिम्युलेशनने दाखवलंय.

आधी पॉयसॉन, म्हणजे मोजणीच्या आकड्यांचं नेहमीचं मॉडेल, लावून पाहिलं. त्यात व्हेरियन्स (आकड्यांचा विखुरलेपणा) सरासरीइतकाच धरलेला असतो. इथे तो कितीतरी जास्त. अशा वेळी स्टँडर्ड एरर (अंदाजातली अनिश्चितता) कमी दिसते आणि पी-व्हॅल्यू उगाच देखणी येते, म्हणजे नसलेला फरकही खरा वाटू शकतो. निगेटिव्ह बायनॉमियल या दुसऱ्या मॉडेलमध्ये व्हेरियन्सला सरासरीपेक्षा जास्त वाढायला जागा असते, म्हणून ते घेतलं.

खरी मेख वेगळीच होती. चराई ही अख्ख्या सड्याची बाब, चौकटीची नव्हे. आणि एका सड्यावरच्या चौकटी परस्परांपासून स्वतंत्र नसतात. म्हणून सडा रँडम इफेक्ट म्हणून घातला, म्हणजे प्रत्येक सड्याचा स्वतःचा चढउतार मॉडेलमध्ये धरला. (सडे चार-पाचच असते तर हेही डळमळीत झालं असतं.) प्रत्येक चौकटीत उलटलेले दगड कमी-जास्त, त्यासाठी त्यांच्या संख्येचा लॉग ऑफसेट म्हणून दिला, म्हणजे तुलना दर दगडामागे झाली.

जादा शून्यांसाठी वेगळा भाग जोडणाऱ्या झिरो-इन्फ्लेटेड मॉडेलचा मोह होताच. पण आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधल्या डार्मा पॅकेजने रेसिड्युअल (मॉडेल आणि प्रत्यक्ष आकडे यांतली तफावत) तपासले, तर मॉडेलला अपेक्षित शून्यं आणि प्रत्यक्षातली जवळपास सारखीच निघाली. मग त्या वाटेला गेलोच नाही.