घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा: या चुका टाळा

कौटुंबिक न्यायालयात नव्याने आलेला जवळजवळ प्रत्येक पक्षकार पहिल्या भेटीत विचारतो, "पगार थोडा कमी दाखवला तर चालेल ना?" नाही चालणार. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'रजनेश विरुद्ध नेहा' या निकालात पोटगीच्या दाव्यांत दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जं यांचं ठरावीक नमुन्यातलं प्रतिज्ञापत्र द्यायचं, असं ठरवून दिलं. तरी लोकांची हौस फिटत नाही.

एका प्रकरणात समोरच्या नवरोबांनी महिन्याचं उत्पन्न अठरा हजार लिहिलं होतं. सोबत जोडलेल्या त्यांच्याच बँक खात्यातून दरमहा सव्वीस हजारांचा गृहकर्जाचा हप्ता जात होता. आम्ही कर्जाचा अर्ज बँकेकडून मागवला. त्यात त्यांच्याच सहीने उत्पन्न नव्वद हजार! उलटतपासणीत म्हणाले, "कर्ज मिळावं म्हणून वाढवून लिहिलं होतं." न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे फसवलंत कोणाला? बँकेला की आम्हाला?" पुढे आईच्या औषधपाण्याचा खर्च त्यांनी सांगितला, तो बहुधा खराही असेल, पण तोवर त्यांच्या शब्दाला किंमत उरली नव्हती. नोकरी लपवणाऱ्या बायकांचंही हेच होतं.

माझी सवय अशी: प्रतिज्ञापत्र लिहायला घेण्याआधी पक्षकाराला शेजारी बसवून बँकेच्या उताऱ्यातल्या प्रत्येक मोठ्या रकमेपुढे पेन्सिलने खूण करते आणि ती कुठून आली ते विचारते. कंटाळवाणं काम आहे, पण समोरचा वकील तेच विचारणार असतो.

दुसरी चूक माझ्या डोक्यात जाते. "पोटगी थकवली ना, मग पोराला भेटू देणार नाही." किंवा उलट, "भेटू देत नाही, मग पैसे बंद." ही दोन वेगळी खाती आहेत. पोटगी थकली तर वसुलीचा अर्ज करा, आणि वेळेत करा: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५) रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज केला नाही तर तिच्यासाठी वॉरंट निघत नाही. भेट अडवली जात असेल तर तोही अर्ज वेगळा. तोवर ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी मुलाला घेऊन जा आणि तशी नोंद ठेवा. ताब्याचा निर्णय मुलाच्या हितावर होतो, आणि मुलाची अडवणूक कोणी केली हे कोर्टाला बरोबर दिसतं.

नोटरीसमोर स्टॅम्प पेपरवर केलेला 'घटस्फोट' कागदाच्या किमतीचाही नसतो. समाजात अशा घटस्फोटाची सिद्ध करता येईल अशी रूढी असल्याशिवाय हिंदू विवाह कायद्यात कोर्टाच्या हुकमाविना सुटका नाही.

पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे राहतं. 'सहसा' हा शब्द कायद्यातच आहे, विसरू नका.

संमतीने घटस्फोट घेणाऱ्यांची घाई तर विचारू नका. अर्ज केल्यावर अंतिम हुकमासाठी थांबायची सहा महिन्यांची मुदत माफ होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालाने खरं आहे. पण त्यासाठी आधीच दीड वर्ष वेगळं राहणं झालेलं हवं आणि पोटगी, ताबा वगैरे सगळं खरोखर मिटलेलं हवं. लोक मात्र संमतीपत्रात 'मुलाचा वाजवी खर्च वडील करतील' एवढंच लिहून मोकळे होतात. वाजवी म्हणजे किती? शाळेची फी धरून की सोडून? दरवर्षी किती वाढ? दिवाळीची सुट्टी कोणाकडे, पासपोर्ट कोणाच्या कपाटात? हे आकड्यांत आणि तारखांत लिहा. आणि 'मुलाची पोटगी कायमची सोडली' असं लिहून देऊ नका. तो हक्क मुलाचा आहे, आईने सोडून तो संपत नाही.

राहिला फीचा प्रश्न. दागिने मोडण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन या. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. फोन करायचा असेल तर क्रमांक १५१००.