मेक की डू? स्पॅनिशभाषकांना इंग्रजी शिकवताना या चुका टाळा

स्पॅनिशमधलं ‘आसेर’ आपल्या ‘करणे’सारखं आहे. अभ्यास, व्यायाम, केक, गोंधळ, सगळं त्या एकाच क्रियापदावर भागतं. इंग्रजीत मात्र त्याच्या वाटण्या झाल्या आहेत, म्हणून विद्यार्थी ‘आय मेक माय होमवर्क’ म्हणतो.

‘मेक म्हणजे बनवणे, डू म्हणजे करणे’ एवढं सांगून सोडू नका. केक, यादी, आवाज अशी नवी गोष्ट तयार होते तिथे मेक; गृहपाठ, भांडी, व्यायाम असं काम उरकायचं असतं तिथे डू. इथपर्यंत ठीक. पण ‘मेक द बेड’ म्हणजे अंथरूण नीटनेटकं करणं, पलंग बनवणं नव्हे. असे अपवाद नामासकटच पाठ करून घ्या.

जास्त चुका होतात त्या जिथे मेकही नको आणि डूही नको. स्पॅनिशमध्ये प्रश्न ‘करतात’ (आसेर उना प्रेगुंता), म्हणून ‘मेक अ क्वेश्चन’ येतं, हवं ‘आस्क’. स्पेनमध्ये फोटोही ‘करतात’, इंग्रजीत ‘टेक’. हवासुद्धा थंडी ‘करते’ (आसे फ्रीओ). इंग्रजीत नुसतं ‘इट्स कोल्ड’. ‘आसे दोस आन्योस’ म्हणजे दोन वर्षांपूर्वी. इथे ‘आसे’ आकड्याच्या आधी येतं, म्हणून विद्यार्थी ‘अगो टू इयर्स’ लिहितो. आपलं ‘पूर्वी’ आकड्यानंतरच येत असल्याने मराठी शिक्षकाला ही अडचण चटकन दिसत नाही. फळ्यावर आकडा आधी लिहा, ‘अगो’ मागून जोडा.

चूक ‘करण्या’च्या बाबतीत मात्र सांभाळायचं ते आपण! ‘डू अ मिस्टेक’ ही आपल्याकडची खोड. स्पॅनिशभाषक ‘कोमेतेर उन एरोर’वरून ‘कमिट अ मिस्टेक’ म्हणतात. ते व्याकरणात बसतं, पण रोजच्या बोलण्यात जड वाटतं. दोघांनाही ‘मेक अ मिस्टेक’ हवं.

शेवटची अडचण ‘टू’ची. ‘मे ईसो योरार’, म्हणजे त्याने मला रडवलं. ‘योरार’चा शब्दकोशातला अर्थ ‘टू क्राय’, म्हणून वाक्य होतं ‘ही मेड मी टू क्राय’. इथला ‘टू’ खोडा: ‘ही मेड मी क्राय’. कर्मणी प्रयोगात मात्र तोच ‘टू’ परत येतो: ‘आय वॉज मेड टू वेट’. ही दोन वाक्यं एकाच तासाला शिकवू नका. पहिलं तोंडात बसलं की मगच दुसरं घ्या.