होडी पाण्यात घालण्याआधी: रिंग लावली का?

येत्या रविवारी होडी काढायची आहे, एक वर्ष आणि दोन महिन्यांनी. यावेळी यादी लिहूनच निघणार, आणि ट्रेलरवर छोटी शिडाची होडी घालून धरणावर नेणारे आपल्याकडे जे थोडे लोक आहेत त्यांनाही उपयोगी पडेल म्हणून जरा सविस्तर लिहितेय. मागच्या वेळी माझ्या चुकीमुळे मास्ट, म्हणजे शिडाचा उभा खांब, कोसळला, एका तारेच्या पिनेत नखाएवढी रिंग लावायची राहिली म्हणून. माझा भाचा ज्या जागेवर बसला होता तिथून तो उठला आणि दोन सेकंदांत मास्ट त्याच जागेवर येऊन पडला. त्यामुळे पुढे रिंग, रिंग, रिंग असं सारखं येईल, वाचताना कंटाळा आला तरी गाळू नका.

आमची होडी एंटरप्राइज क्लासची, म्हणजे त्या ठराविक डिझाइनची. सव्वातेरा फुटी, प्लायवूडची, शिडं निळी, 1956 मध्ये जॅक होल्टने डिझाइन केलेला हा क्लास. मी सेलिंग शिकले भोपाळच्या बड्या तलावावर, पण राहतो आम्ही इंदूरला, आणि मोकळं मोठं पाणी हवं असलं की नर्मदेवरच्या इंदिरा सागर धरणाच्या बॅकवॉटरला जातो, हनुवंतियाच्या बाजूला. सिमरोल, भेरू घाट, बडवाह, मोरटक्क्याला नर्मदा ओलांडायची आणि पुढे. ट्रेलर मागे असला की चार तास धरून चाला, घाटात घाई अजिबात नको.

आदल्या रात्रीचं आधी. लाइफ जॅकेट, टोपी, पाणी, दशम्या, हे सांगायला नको. होडीत अडकवलेल्या हवेच्या पिशव्या रात्रीच फुगवून ठेवा, सकाळी मऊ लागली तर कुठेतरी पंक्चर आहे, आणि होडी उलटली की तिला तरंगवणार त्याच पिशव्या. ट्रेलरचं चाक तपासा, गाडीची स्टेपनी ट्रेलरला बसत नाही, वेगळी घ्या. मागच्या लाइट लावून बघा. मास्ट होडीपेक्षा बराच लांब, मागे बाहेर येतो, त्याच्या टोकाला लाल फडकं. पट्टे बांधताना पट्ट्याला एक पीळ द्या, सपाट ठेवलात तर वाऱ्याने फडफडून चार तास घूं घूं करतो आणि सैलही होतो. पट्ट्याखाली जुना टॉवेल. सिमरोलला एकदा थांबून पट्टे परत आवळा, कारण पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरमध्ये सगळं बसतं आणि ढिलं पडतं.

आणि रिंगा. रात्रीच मोजा. मास्टला उभं धरून ठेवणाऱ्या तीन स्टीलच्या तारा असतात, डावी-उजवी श्राउड आणि पुढची फोरस्टे. प्रत्येक तार वर मास्टला आणि खाली होडीला एका पिनने जोडलेली असते, पेन्सिलीपेक्षा बारीक पिन, आणि ती पिन बाहेर सरकू नये म्हणून तिच्या टोकाच्या भोकात एक रिंग. किल्ल्यांच्या जुडग्याला असते तशीच दोन वेढ्यांची, फक्त नखाएवढी. वर तीन, खाली तीन, एक मास्टच्या पायाशी. सात. शिवाय पाच-सहा जादा रिंगा डबीत, त्या वाकतात, हातातून पडतात, रेतीत गेली की सापडत नाही.

आता किनारा. पोचलात की पहिलं काम वर बघणं. विजेच्या तारा. मास्ट अ‍ॅल्युमिनियमचा आहे, गावाकडच्या 11 केव्हीच्या लाइनला तो नुसता जवळ गेला तरी पुरे, चिकटायचीही गरज नाही. जिथे मास्ट उभा करणार तिथपासून पाण्यापर्यंतची पूर्ण वाट पायी चालून वर बघत जा. तार असेल तर जागा बदला, शंभर मीटर जास्त ढकलावं लागलं तरी चालेल. यात माझी कुणाशी चर्चा नाही.

दुसरं, पाणी कुठे आहे ते बघा. इंदिरा सागर पूर्ण भरलं की पातळी समुद्रसपाटीपासून 262.13 मीटर, पण उन्हाळा जवळ येतो तसं पाणी खूप मागे सरकतं, जिथे डिसेंबरमध्ये छान उतार होता तिथे एप्रिलमध्ये गुडघाभर चिखल. आणि या पाण्याखाली शेतं आहेत, झाडांची खोडं आहेत, गावं आहेत, 2004 मध्ये हरसूद गाव रिकामं झालं ते याच पाण्यासाठी. पातळी उतरली की खोडं वर येतात, सेंटरबोर्ड (होडीखाली उतरणारी फळी) आणि रडर (मागचं सुकाणू) तिथेच आपटतात. म्हणून तिथल्या केवटांना, म्हणजे नावाड्यांना, विचारल्याशिवाय होडी घालू नका, त्यांना प्रत्येक खोड माहीत असतं. परवानगीचंही आधी विचारून घ्या.

मास्ट आडवा असतानाच वरच्या तीन पिना बघायच्या, एकदा उभा केला की तिथे हात पोचत नाही. बोट लावून बघा, नुसतं नजरेने नाही. रिंग पूर्ण दोन वेढे आत गेलेली पाहिजे, अर्धी अडकलेली रिंग म्हणजे नसलेली रिंग. तिथेच हॅलयार्ड, म्हणजे शीड वर ओढायचे दोर, गुंतलेले नाहीत ना तेही बघा आणि दोन्ही टोकं खाली बांधा, एक टोक वर सुटून गेलं तर मास्ट परत खाली घ्यावा लागतो. मग दोन्ही श्राउड खाली जोडा, पिन, रिंग, आणि मग दोघांनी मास्ट उभा करायचा, एकाने पायाशी दाबून धरायचं, दुसऱ्याने हातावर हात घेत वर चढवायचं, पुढची तार जोडेपर्यंत कुणीही मास्ट सोडायचा नाही. पिन. रिंग.

आता मागच्या वेळी काय झालं ते. मी रिंगा लावल्या होत्या, सगळ्या. मास्ट उभा राहिला, सगळं छान, मग मला डावी श्राउड जरा ढिली वाटली. खाली जी भोकांची पट्टी असते तिच्यात पिन एक भोक खाली घ्यायची म्हणून रिंग काढली, दातात धरली, पिन काढली, खालच्या भोकात घातली, तार मस्त ताठ झाली, आणि तेवढ्यात फोन वाजला. दादाचा. "पोचलात का?" बोलायचं म्हणून रिंग तोंडातून काढून जॅकेटच्या खिशात टाकली, बोलले, फोन ठेवला, आणि शीड लावायला घेतलं. पिन जागेवर दिसत होती, तार ताठ होती. बघून कुणालाही काही कळलं नसतं.

आम्ही तासभर छान सेल केलं. वारा उजवीकडून होता. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूच्या तारेवर सगळा जोर येतो, पलीकडची ढिली पडते. म्हणजे तो तासभर माझी उजवी श्राउड काम करत होती आणि डावी नुसती हलत होती, प्रत्येक लाटेला थोडी थोडी, आणि तिची बिनरिंगेची पिन केसाकेसाने बाहेर सरकत होती. मग मी म्हणलं, चल, वळू. भाचा उजवीकडे बसला होता तो वाकून बूमखालून, म्हणजे शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याखालून, डावीकडे आला, होडी वळली, वारा डावीकडून भरला, आणि त्या क्षणी डाव्या तारेने मास्ट धरायचा होता. तार पट्टीत नव्हतीच. टण्ण असा एक आवाज, मग करकर, आणि अख्खा मास्ट शिडासकट उजवीकडे, तो आत्ता जिथून उठला होता तिथे. त्याच्या तोंडातून फक्त "आत्या" एवढंच निघालं. मास्टच्या पायाशी डेकचं प्लायवूड फाटलं, मास्ट मधोमध वाकला. किनाऱ्यावरून एका केवटाने बघितलं, मोटर लावून आला, दोर टाकला, "दीदी, पहले बच्चे को इधर दो" म्हणाला. रात्री घरी जॅकेट वाळत घालताना खिशात रिंग सापडली. दहा रुपयांची सुद्धा नसेल.

तर नियम. पिन हातात असताना फोन घ्यायचा नाही, फोन गाडीतच ठेवा. रिंग दातात नाही, खिशात नाही, काढली तर परत लागेपर्यंत हातातच. तार आवळली, ढिली केली, भोक बदललं, काहीही केलं की खालच्या चारही रिंगा पुन्हा पहिल्यापासून. सगळं झाल्यावर खालच्या रिंगांवर इन्सुलेशन टेपचे दोन वेढे, पांढरा टेप घ्या म्हणजे लांबून दिसतो. टेप नसेल तर जिबचा, म्हणजे पुढच्या छोट्या शिडाचा, दोर रिंगेत अडकून तिला पिळून बाहेर काढतो, शिडालाही ओरखडे पडतात. आणि ज्याने रिंगा लावल्या त्याने तपासायच्या नाहीत, दुसऱ्याने. आता भाचा तपासणार, प्रत्येक रिंगेला बोट लावून मोठ्याने आकडा म्हणणार. वरच्या तीन मास्ट आडवा असताना, खालच्या चार मास्ट उभा झाल्यावर. सात ऐकल्याशिवाय मी होडी पाण्यात घालणार नाही.

शिडं. मेनसेल, म्हणजे मोठं शीड, किनाऱ्यावर चढवायचं असेल तर होडीचं तोंड वाऱ्याकडे, नाहीतर बूम डोक्यात बसेल. जिबच्या दोरांच्या टोकाला आठाची गाठ. बॅटन, म्हणजे शिडात घालायच्या पट्ट्या, विसरू नका.

पाण्यात घालताना. मागचं बूच लावा. पुढचा दोर कुणाच्या तरी हातात द्या, मगच ट्रेलरचा पट्टा सोडा. चार तास पळालेल्या ट्रेलरच्या बेअरिंग गरम असतात, तशाच थंड पाण्यात बुडवल्या की आतली हवा आकसते आणि बेअरिंग पाणी ओढून घेते, दोन-तीन ट्रिपमध्ये गंजून बसतात. चाकाच्या हबला (मधल्या भागाला) हात लावा, गार वाटेपर्यंत थांबा, मास्टचं काम तोवर होतंच. गाडीचा हँडब्रेक आणि चाकामागे दगड, दोन्ही. रडर मात्र कमरेएवढ्या पाण्यात गेल्यावर लावा, आणि त्याची खिट्टी लागल्याचा टक आवाज ऐका, होडी उलटली की खिट्टी नसलेला रडर तळाला जातो.

वाऱ्याचं थोडक्यात. सकाळी पाणी बहुतेक सपाट, अकरा-बारानंतर वारा उठतो. पाण्यावर जागोजागी पांढरे फेसाचे तुरे दिसायला लागले की वारा ताशी 20 किलोमीटरच्या वर गेलाय समजा, नवीन माणूस बरोबर असेल तर तेव्हा किनाऱ्यावरच थांबा. पहिल्यांदा वळायच्या आधी मी आता ढिल्या बाजूची पिन बघणार. पाण्यातसुद्धा. टेप जागेवर आहे? रिंग आहे? मगच वळ म्हणायचं, आणि प्रत्येक वळणाआधी हेच.

परत येताना सगळे दमलेले असतात, लवकर आटपतं घेतात. रडर वर, शिडं खाली, होडी ट्रेलरवर, बूच काढून पाणी जाऊ द्या. मास्ट उतरवताना पुन्हा वर तारा बघा. शिडं ओली असतील तर घरी पसरा. पट्टे, पीळ, लाल फडकं. आणि खालच्या पिना काढल्या की पिन परत आपल्याच तारेत घालायची आणि तिची रिंग तिथल्या तिथे तिच्यात लावायची, नंतर एकदम लावू म्हणून खिशात टाकायची नाही. भाचा मोजेल. सात झाल्या की निघायचं.