ढगातले बर्फाचे स्फटिक आडवे आहेत का, लायडारने कसं ओळखायचं

सोलापुरात फिजिक्सचा प्रोजेक्ट शोधणाऱ्यांसाठी लिहितोय. लायडार म्हणजे आकाशात लेसर सोडून परत येणारा प्रकाश मोजणारं यंत्र. स्वतःचं लायडार नसलं तरी अडत नाही, नासाच्या कॅलिप्सो सॅटेलाइटचा (ते २०२३ ला बंद झालं) डेटा फुकट मिळतो, फक्त अकाउंट काढायचं. आपल्याकडे २०१८-१९ ला पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने क्लाउड सीडिंगचा (कृत्रिम पावसाचा) प्रयोग केला तो खालच्या, पाण्याच्या ढगांवर होता, आपल्याला त्याच्याही वर जायचंय, उणे १० ते उणे २० डिग्रीच्या थरात.

तिथं चपटे षटकोनी स्फटिक असतात, आणि हवा शांत असली की खाली येताना हवेच्या रोधामुळे ते आडवे होतात. लेसर बरोबर उभा पडला की प्रकाश थेट मागे येतो, सिग्नल एकदम जोरात, पण पोलरायझेशन (प्रकाशलहरींच्या कंपनाची दिशा) जवळजवळ बदलत नाही. दुपारी पत्र्यावरून ऊन डोळ्यावर येतं आणि दोन पावलं सरकलं की जातं ना, तसंच हे.

आता खरी गोची इथं आहे. अतिशीत पाण्याचे (शून्याखालीही न गोठलेले) थेंबसुद्धा जोरदार सिग्नल आणि कमी डिपोलरायझेशन (म्हणजे पोलरायझेशनमधला बदल) देतात आणि तेही याच तापमानात सापडतात, मग ओळखायचं कसं? लायडार ३ ते ५ अंश तिरपं करायचं. पाणी असेल तर फारसा फरक पडत नाही, आडवे स्फटिक असतील तर सिग्नल धाडकन पडतो आणि डिपोलरायझेशन वाढतं. म्हणून एकाच कोनातलं रीडिंग बघून काही ठरवू नका, प्लीज.

कॅलिप्सोने हे आयतं करून ठेवलंय. २००६ ला उडालं तेव्हा लायडार सरळ खालच्या दिशेपासून फक्त ०.३ अंश तिरपं होतं, आणि हीच चकाकी त्रास द्यायला लागली म्हणून नोव्हेंबर २००७ ला ते ३ अंश केलं. म्हणजे आधीचा आणि नंतरचा डेटा घेऊन तुलना करा, पण एकाच सीझनचा घ्या.

कॅलिप्सोच्या लेव्हल १ फाइलमध्ये ५३२ नॅनोमीटरचा एकूण सिग्नल आणि परपेंडिक्युलर सिग्नल (पोलरायझेशन काटकोनात वळलेला भाग) मिळतो, एकूणातून परपेंडिक्युलर वजा केला की पॅरलल आला, मग परपेंडिक्युलर भागिले पॅरलल, हाच डिपोलरायझेशन रेशो. सरासरी काढताना दोन्ही सिग्नलची वेगवेगळी काढा आणि मग भागा, प्रत्येक पॉइंटचा रेशो काढून सरासरी घेतली तर नॉइजमुळे आकडे वेडेवाकडे येतात. वाटेल तसे पडलेले स्फटिक साधारण ०.३ ते ०.५ देतात, आडवे शून्याजवळ. रात्रीचा डेटा घ्या, दिवसा उन्हाचा नॉइज फार. आणि सॅटेलाइटची पट्टी अगदी अरुंद होती, शहरावरूनच गेली असेल असं नाही, आजूबाजूचे एकदोन अंश धरा.

जमिनीवरचं लायडार कुठं मिळालंच तर पावसाळा टाळा, खालच्या दाट ढगातच लेसर संपतो. आणि विमानांची परवानगी आधी, मगच लेसर चालू.