फक्कीने आखलेला खंदक: पहिलं महायुद्ध मैदानावर कसं शिकवायचं

नववी-दहावीला पहिलं महायुद्ध म्हणजे फळ्यावर सनावळ्या, तहांची नावं आणि पुस्तकातलं खंदकाचं एक चित्र. पोरं पाठ करतात, मार्क मिळवतात आणि विसरतात. मी तोफखान्यात सर्व्हेच्या कामावर होतो. आपली तोफ नेमकी कुठे उभी आहे आणि गोळा कुठे पडणार, याचं मोजमाप करायचं, हे काम. आता देवळाली कॅम्पात असतो. आसपासच्या शाळांतले सर-मॅडम बोलावतात तेव्हा मी वर्ग मैदानावर काढतो. कुणालाही जमेल, म्हणून कृती लिहून देतो.

सामान फार नाही. फक्कीचं एक पोतं, पन्नास मीटरचा टेप, सुतळीचा गुंडा, खुंट्या (द्राक्षाच्या मांडवातले मोडके बांबू कुणीही फुकट देतो), शिट्टी, मोबाईलवरचं स्टॉपवॉच आणि एक ताशा. ताशा वाजवणारं पोरगं नाशिकच्या कुठल्याही वर्गात निघतंच. खरी काटेरी तार आणायची नाही. खड्डा तर मुळीच खणायचा नाही. माणसाच्या उंचीचा चर आधाराशिवाय कधी ढासळेल सांगता येत नाही. आपण फक्त आखायचं.

सुरुवात अंतरापासून करा, खंदकापासून नको. दोन फौजांमधली मोकळी जमीन कुठे पन्नास मीटर होती, कुठे दोनशे-तीनशे. आपण दोनशे धरू. शाळेचं मैदान अपुरं पडलं तर गोल्फ क्लबच्या मैदानावर जा, पण सकाळी चालायला येणाऱ्यांची गर्दी ओसरल्यावर. दोन्ही टोकांना फक्कीची रेघ मारा. अर्धी पोरं एका रेघेवर, अर्धी दुसऱ्या रेघेवर. समोरच्याचा चेहरा ओळखू येतो का विचारा. येत नाही. हे त्यांना आधी कळू द्या.

आता ताशा. युद्धापूर्वी सराव झालेला ब्रिटिश शिपाई ली-एनफील्ड रायफलीतून मिनिटाला पंधरा नेमक्या गोळ्या झाडायचा, म्हणजे दर चार सेकंदांनी एक टिपरी. तशा पंधरा वाजवून घ्या. मग मॅक्सिमची मशीनगन. हिराम मॅक्सिमने ती 1884 मध्ये बनवली; गोळी सुटताना जो धक्का बसतो त्याच्याच जोरावर पुढची गोळी आपोआप आत जाते. मिनिटाला साधारण 500, म्हणजे सेकंदाला आठ. ताशावाल्याला सांगा, सलग मिनिटभर त्या वेगाने. वीस सेकंदांत त्याचे हात भरून येतात आणि पोरं हसायची थांबतात. तो वाजवत असतानाच एका बाजूच्या पोरांना दप्तरं पाठीवर घेऊन समोरच्या रेघेकडे चालत पाठवा. पळायचं नाही. फ्रान्समधल्या सोम नदीजवळच्या लढाईत कित्येक ब्रिटिश शिपायांच्या अंगावर पंचवीस-तीस किलोंचं ओझं होतं. दोनशे मीटरला चार मिनिटं धरा आणि हिशोब त्यांनाच करू द्या: 2000 गोळ्या, म्हणजे अडीचशे गोळ्यांचे आठ पट्टे. हा कागदावरचा हिशोब झाला, प्रत्यक्षात मशीनगन थांबून थांबून चालवतात. तरीही 1 जुलै 1916 या एका दिवसात ब्रिटिशांचे 57,470 जवान मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले, त्यातले 19,240 मेले, हा आकडा आता सांगा. चालण्याच्या आधी सांगितलात तर तो नुसता आकडा राहतो.

वाटेत खुंट्या ठोकून गुडघ्याएवढ्या उंचीवर सुतळीचं जाळं बांधा. ही काटेरी तार. गुरं आवरायला अमेरिकेत निघालेली वस्तू, पण तारेपाशी माणूस थबकतो आणि मशीनगनला तेवढं पुरतं. माझ्या खात्याची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. सोमच्या आधी आठवडाभर ब्रिटिश तोफांनी पंधरा लाखांहून जास्त गोळे टाकले, तरी बऱ्याच ठिकाणी तार शाबूत राहिली. बरेचसे श्रापनेलचे, म्हणजे हवेत फुटून शिशाच्या गोळ्या उडवणारे गोळे होते. स्फोटक गोळे होते ते जमिनीत घुसून मग फुटायचे, खड्डा पाडायचे, तार उचलून परत तिथेच टाकायचे. गोळा कधी फुटायचा हे त्याच्या टोकावरचा फ्यूज ठरवतो; जमिनीला टेकताक्षणी गोळा फोडणारा फ्यूज, ब्रिटिशांचा 106 नंबरचा, 1917 मध्ये हाताशी आला आणि मग तार तुटायला लागली. मुठीएवढा तुकडा असतो तो. पुस्तकात रणगाड्याचं चित्र असतं, फ्यूजचं नसतं.

यानंतर खंदक आखा. पहिल्यांदा मुद्दाम सरळ आखा, तीस मीटर लांब, दोन रेघांमध्ये मीटरभर अंतर. दहा-पंधरा पोरं आत बसवा. एकाने मधे उभं राहून सुतळी दोन्ही बाजूंना ताणायची; ही सुतळी म्हणजे खंदकात पडून फुटलेल्या गोळ्याचे तुकडे. रेघ न ओलांडता सुतळी जिथपर्यंत पोचेल तिथपर्यंतची सगळी पोरं बाद. सगळीच बाद होतात. मग दुसरा आखा: पाच-सहा मीटर सरळ, काटकोनात मागे, दोन-तीन मीटर आडवं, पुन्हा पुढे, असा किल्ल्याच्या तटासारखा दातेरी. आता सुतळी एकाच कप्प्यात अडकते. वाकडेपणा कशासाठी, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मागच्या खंदकांच्या दोन रांगा आणि त्यांना जोडणारे चर फळ्यावर दाखवले तरी चालतात.

पुढचा प्रयोग निरोपाचा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. 10 मार्च 1915 ला फ्रान्समधल्या नव शापेल गावात आपल्या लाहोर आणि मेरठ डिव्हिजनचे जवान ब्रिटिशांबरोबर लढले. पस्तीस मिनिटं तोफा चालल्या आणि त्याच सकाळी गाव हातात आलं. म्हणजे खंदक फोडता येत होता. घोडं अडलं ते पुढे. टेलिफोनच्या तारा गोळ्यांनी तुटल्या, पुढे काय चाललंय ते मागे कळेना, मागचा हुकूम पुढे पोचेपर्यंत जर्मनांनी नवी फळी उभी केली. पोरांना करून दाखवा: शत्रूच्या रेघेवर पोचलेल्या टोळीने चिठ्ठी लिहायची, एकाने धावत मागे आणायची, सरांनी वाचून उत्तर लिहायचं, त्याने परत न्यायचं. तेवढ्या वेळात समोरच्यांनी मागे नवी रेघ मारायची. रेघ मारणारे दरवेळी जिंकतात.

आमचं काम आता. एका पोराला मैदानाच्या टोकाला आडोशामागे लपवून थाळी वाजवायला लावा आणि तिघांना तीन वेगवेगळ्या जागी डोळे मिटून ऐकायला बसवा. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, तेव्हा तिघांना तो थोडा मागे-पुढे ऐकू येणार. स्टॉपवॉच दाबणाऱ्या बोटाला तो फरक पकडता येत नाही, पण यंत्राला येतो. तीन जागा पक्क्या माहीत असल्या आणि वेळेतला फरक मोजता आला की लपलेली तोफ नकाशावर सापडते. हे तंत्र ब्रिटिशांसाठी उभं केलं लॉरेन्स ब्रॅगने. 1915 मध्ये पंचविसाव्या वर्षी वडिलांबरोबर भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा तो फौजेतच होता. 20 नोव्हेंबर 1917 ला फ्रान्समध्ये कांब्रेला ब्रिटिशांच्या हजारभर तोफा आधी एकही चाचणीचा गोळा न टाकता एकदम सुरू झाल्या, कारण सगळं आधीच मोजून ठेवलेलं होतं. रणगाडेही तिथे चारशेहून अधिक होते आणि सगळं कौतुक त्यांना मिळालं. मी सर्व्हेवाला, माझं मत एकतर्फी असेल. पण शत्रूला सावध न करता तोफा सुरू करता येणं हीच खंदकाची कोंडी फोडणारी खरी किल्ली होती.

विषारी वायूचा प्रयोग करू नका, धुराची फटाकडीसुद्धा नको. 22 एप्रिल 1915, बेल्जियममधलं ईप्र, जर्मनांनी सोडलेला क्लोरीन, हवेपेक्षा जड म्हणून खंदकात उतरणारा. एवढं सांगितलं की पुरे.

कुणीतरी विचारतंच, यात आपली माणसं कुठे होती? नव शापेल सांगून झालं असेल तर कुट सांगा. आजच्या इराकमध्ये, टायग्रिस नदीच्या काठी 1915-16 मध्ये तुर्कांनी ब्रिटिशांची जी फौज वेढली तिच्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. वेढा 147 दिवस चालला, विमानातून धान्याची पोती टाकून बघितली, तरी 29 एप्रिल 1916 ला उपासमारीने शरण जावं लागलं.

शेवटी निरोपाचा प्रयोग पुन्हा करा, या वेळी पुढच्या टोळीच्या हातात मोबाईल देऊन. समोरच्यांची रेघ अर्धीसुद्धा होत नाही. दुसऱ्या महायुद्धात, 1940 च्या मे महिन्यात फ्रान्समधल्या सेदानजवळ जर्मनांनी म्यूज नदी ओलांडली तेव्हा त्यांच्या रणगाड्यांत वायरलेस होता आणि डोक्यावर विमानं होती. दोन तासिका जोडून घेतल्यात तर हे सगळं बसतं. खो-खोचा सराव असेल त्या दिवशी मात्र पीटीच्या सरांना आधी विचारा, त्यांच्या रेघांवर आपली फक्की पडली की ते चिडतात.