गिटार सेटअप : पाना हातात घेण्याआधी या चुका टाळा

गिटारला काहीही झालं की लोक आधी ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या (गिटारच्या मानेच्या) आतली सळई, फिरवतात. तारा उंच वाटल्या, फिरव रॉड. झणझणतंय, फिरव रॉड. वरच्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) सूर लागत नाही, तरी रॉडच. व्हिडिओतला माणूस चार मिनिटांत सगळं करून दाखवतो, पण त्याची गिटार मुळात धडधाकट असते हे कोणी लक्षात घेत नाही. घरच्या घरी सेटअप करणाऱ्यांच्याच नव्हे, तर नव्याने दुकान टाकलेल्या मुलांच्याही त्याच त्या चुका निस्तरून आता कंटाळा आलाय, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

ट्रस रॉड तारा खाली आणण्यासाठी नसतो

अकूस्टिकवर लाइट गेजच्या, म्हणजे बारा नंबरच्या स्टीलच्या तारा सुरात आल्या की सहा मिळून सत्तर किलोच्या आसपास ताण देतात. त्या ताणाने नेक पुढे झुकते. ती किती झुकू द्यायची, एवढंच रॉड ठरवतो. तारांची उंची ठरवतात नट (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) आणि सॅडल (ब्रिजवरची पट्टी, जिच्यावर तारा टेकतात). रॉड आवळल्यावर अ‍ॅक्शन, म्हणजे तारांची उंची, थोडी खाली येते हे खरं, आणि सगळा घोळ तिथेच होतो, कारण माणसाला वाटतं की आपल्याला बटण सापडलं.

मागे एका पावसाळ्यात होस्टेलवर राहणारा एक मुलगा अकूस्टिक घेऊन आला. उन्हाळ्यात घेतलेली गिटार, तेव्हा हाताला छान होती. जुलैत तारा वर आल्या. त्याने व्हिडिओ पाहिला आणि रॉड आवळला. थोडं बरं वाटलं म्हणून आणखी आवळला. मग पहिल्या चार-पाच फ्रेटवर झणझण सुरू झाली. ती घालवायला काय केलं? पुन्हा आवळला. पाना हवा होता ५ मिलिमीटरचा, त्याच्याकडे होता साडेचारचा. तो सैल बसतोय म्हणून त्याला सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळला होता. कागदाचे तुकडे रॉडच्या खाचेत तसेच अडकलेले होते आणि खाचेचे सहाही कोपरे गुळगुळीत गोल झाले होते.

“दादा, थोडंच फिरवलं होतं,” तो म्हणाला. सगळे हेच म्हणतात.

नेक चक्क मागे वाकली होती. टॉर्क्सचा (चांदणीच्या आकाराचा) जरासा मोठा बिट त्या गोल झालेल्या खाचेत हलक्या हातोडीने बसवला आणि श्वास रोखून उलटा फिरवला. रॉड सुटला, तुटला नव्हता. तुटला असता तर फ्रेटबोर्ड (फ्रेट बसवलेली फळी) उचलून नवा रॉड घालावा लागतो आणि त्या किमतीच्या गिटारला तो खर्च कोणी करत नाही. मग तारा सुरात लावून रात्रभर तशीच ठेवली. सकाळी नेक जागेवर आली होती.

आणि मूळ दुखणं काय होतं? नेकला काहीच झालेलं नव्हतं. पावसाळी हवेत गिटारची वरची फळी ओल धरून फुगते, तिच्यावर चिकटवलेला ब्रिज, जिथे तारा अडकवतात, वर उचलला जातो, त्याबरोबर तारा वर येतात. उपाय सॅडलमध्ये होता. बाराव्या फ्रेटवर जाडी तार ३.२ मिलिमीटरवर होती, मला २.४ वर हवी होती. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो, त्यामुळे तिथे जितकं खाली यायला हवं त्याच्या दुप्पट सॅडलमधून जायला हवं. म्हणजे १.६. पण जुनं सॅडल मी घासत नाही. हिवाळ्यात फळी पुन्हा बसली की तेच सॅडल बुटकं पडतं आणि गिऱ्हाईक झणझण घेऊन परत येतं. मी हाडाचं दुसरं सॅडल करून देतो आणि दोन्हींवर खालच्या बाजूला पेन्सिलने ‘पाऊस’ आणि ‘थंडी’ लिहितो. पुण्यात हे पुरतं. मुंबई-कोकणातल्यांनी वर केसमध्ये सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवावा. ४५ ते ५५ टक्के असेल तर लाकूड शांत असतं.

रॉडला हात लावायचाच असेल तर आधी मोजा. तारा सुरात. पहिल्या फ्रेटला कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), नेक जिथे बॉडीला मिळते तिथे बोट दाबायचं, आणि मधे सहाव्या-सातव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांतली फट बघायची. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं तर रॉड ठीक आहे, पाना ड्रॉवरमध्ये ठेवा. फट जास्त असेल तर पाव फेरा, पुन्हा सुरात, पुन्हा माप. माझा पहिला पाव फेरा नेहमी सैल करण्याच्या बाजूने असतो. त्याने रॉड जाम झालाय की मोकळा आहे ते हाताला कळतं. आणि पाना इंचाचा की मिलिमीटरचा हे नक्की करून घ्या. अनेक अमेरिकन इलेक्ट्रिकना १/८ इंचाचा लागतो, त्यात ३ मिलिमीटरचा जातो, बसल्यासारखाही वाटतो आणि हळूहळू कोपरे खातो.

झणझण कुठे आहे ते न विचारता फ्रेट घासणं

तंबोऱ्यात हीच झणझण जवारी म्हणून मुद्दाम काढतात. मिरजेचे कारागीर त्यासाठी घोडीवर किती वेळ घालवतात ते एकदा बघून या. आपल्याकडे मात्र झणझण म्हटली की थेट पॉलिश पेपर. अरे, आधी ऐका तरी. फक्त मोकळी तार झणझणते आणि दाबल्यावर थांबते, तर नटची खाच खोल गेली आहे. नटकडच्या पहिल्या चार-पाच फ्रेटवर असेल तर नेक सपाट किंवा मागे वाकलेली. एकाच फ्रेटवर असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट उठलाय, आणि बरेचदा तो नुसता ठोकून बसतो. फ्रेटची धातू एकदा गेली की परत येत नाही. नेक सरळ केल्याशिवाय माझ्या टेबलावर फ्रेटला कानस लागत नाही.

उचललेल्या ब्रिजखाली फेविक्विक

ही माझी दुसरी डोकेदुखी. वसईकडच्या एका चर्चच्या कॉयरमधली नायलॉनची क्लासिकल गिटार आली होती. आवाज मोठा हवा म्हणून कोणीतरी तिच्यावर स्टीलच्या तारा चढवल्या. नायलॉनचा सगळा ताण चाळीस किलोच्या घरात, स्टीलचा जवळपास दुप्पट. क्लासिकलच्या आत बहुधा ट्रस रॉड नसतो आणि फळी, तिच्या आतल्या पट्ट्या, सगळं त्या हलक्या ताणाच्या हिशोबाने केलेलं असतं. ब्रिज मागच्या कडेने उचलला. फटीत फेविक्विक ओतलं, वर वजन म्हणून भजनांच्या पुस्तकांचा ढीग ठेवला. पंधरवड्याने तो पुन्हा निघाला, या वेळी फळीच्या लाकडाचे पापुद्रे घेऊन.

यात चिकटवणीचा दोष नाही, ती ज्या कामाची आहे तिथे मीही वापरतो. पण ती कडक आणि ठिसूळ होते, सतत ओढ असलेल्या सांध्यात टिकत नाही, आणि लाकडात मुरल्यावर पुढचा कुठलाही ग्लू धरू देत नाही. फट दिसली की तारा उतरवा आणि गिटार तशीच घेऊन या. मी ब्रिज गरम करून पूर्ण काढतो, दोन्ही बाजू कोऱ्या लाकडापर्यंत खरवडतो, कोरडाच ठेवून उजेडाकडे धरतो आणि फट दिसली नाही तरच लाकडाचा ग्लू लावून क्लॅम्प करतो. तारा दुसऱ्या दिवशी. “संध्याकाळी प्रोग्रॅम आहे, तासाभरात होईल का?” नाही होणार. दुसरीकडे होत असेल तर तिकडे जा.

बाकीच्या, थोडक्यात

इंटोनेशन, म्हणजे प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागणं, जुन्या तारांवर लावू नका, ती मेहनत फुकट जाते. नव्या तारांवर बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ताडून बघा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे.

गिटार सुरातून उतरते म्हणून नव्या कीज (तारा आवळायच्या खुंट्या) घालायला आलेल्या दहातल्या आठांना मी पेन्सिल देतो. नटच्या खाचेत शिसं फिरवा, तारा हाताने ताणून घ्या, मग बोलू.

फ्रेटबोर्डला खोबरेल तेल लावू नका. आजी सांगते म्हणूनही नाही. ते कालांतराने खवट होतं, धूळ धरतं, आणि तो वास माझ्या खोलीत राहतो.

मे महिन्यात गाडीच्या डिकीत गिटार ठेवून जेवायला जाऊ नका. बंद गाडीत ग्लू मऊ पडतो.

नवी कामं घेणाऱ्यांनो, गिटार हातात आल्याबरोबर मापं लिहून घ्या आणि फोटो काढा, गिऱ्हाईक समोर असतानाच. ओरखडा आधीचा की तुमचा, हा वाद त्याशिवाय मिटत नाही. आणि त्याला समोर वाजवायला लावा. जोरात स्ट्रमिंग करणाऱ्याला तुमची आवडती खालची अ‍ॅक्शन दिलीत तर तो आठवड्यात परत येतो.

इलेक्ट्रिक वाजवताना तारांना हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर गिटार खोलत बसू नका, हात काढा आणि अ‍ॅम्पचा प्लग बघा. थ्री-पिनची जाडी पिन तोडलेली असते, नाहीतर टू-पिनच्या अडॅप्टरमध्ये घातलेली असते, नाहीतर घरालाच अर्थिंग नसतं. हे काम इलेक्ट्रिशियनचं. मांडवातल्या तात्पुरत्या वायरिंगवर वाजवणाऱ्यांनी टेस्टर खिशात ठेवावा आणि सुरू करण्याआधी तारेला आणि माइकच्या जाळीला लावून बघावा. दिवा लागला तर वाजवायचं नाही, मंडळाचे कार्यकर्ते कितीही घाई करोत.