इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगच्या पोरांना प्रोग्रामिंगचा पहिला तास कसा घ्यायचा

पहिल्याच तासाला कॉम्प्युटरचा इतिहास काढत बसू नका, पोरं मागच्या बाकावर मोबाईल काढतात. मी जळगावात शिकवतो, इथे दाल मिल सगळ्यांनी पाहिलेली असते, म्हणून सुरुवात तिथूनच करायची. फळ्यावर लिहायचं, वर्षाला १२०० पोती लागतात, एका ऑर्डरचा खर्च ६०० रुपये, एक पोतं वर्षभर ठेवायला १६ रुपये, तर एका वेळी किती मागवायची? ईओक्यूचं, म्हणजे एका वेळी किती माल मागवणं सगळ्यात स्वस्त पडतं त्याचं, सूत्र १९१३ चं आहे, दोन गुणिले मागणी गुणिले ऑर्डरखर्च, भागिले साठवणखर्च, मग वर्गमूळ, उत्तर ३००. आधी हातानेच करू द्या. मग म्हणा आता असे पन्नास माल आहेत, करा! तेव्हा पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा उघडायची, लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणं, का लागतो ते सांगावंच लागत नाही.

आणि एक चूक मुद्दाम होऊ द्या. पायथॉनच्या इनपुट या कमांडने १२ आणि ८ पोती घेऊन बेरीज छापली की स्क्रीनवर १२८ येतं, मागून हमखास आवाज, "हाई काय व्हयनं सर?" (हे काय झालं सर?) इनपुट आकडा नाही, स्ट्रिंग म्हणजे नुसती अक्षरं देतो, ती एकापुढे एक चिकटतात, म्हणून आधी इंट म्हणजे पूर्णांक करून घ्यायचं, हे मग परीक्षेपर्यंत विसरत नाहीत. सी वगैरे दुसऱ्या भाषा नंतर बघू.